बैलांनी आखलेली वाट



माझं धावणं चिकपेटच्या चौकातून सुरू होतं. चिकपेटचा रस्ता दोड्डपेटला, म्हणजे आजच्या अव्हेन्यू रोडला, जिथे छेदतो तो चौक. पहाटे साडेपाचला तिथे एकही शटर वर गेलेलं नसतं. हातगाड्यांवर हमाल अंगाचं मुटकुळं करून झोपलेले असतात, मार्केटच्या बाजूने मोगऱ्याचा आणि शेवंतीचा वास येत असतो, आणि पायाखाली आदल्या दिवशीच्या सुतळ्या, पुठ्ठे, साड्यांच्या घडीतले पांढरे कागद. दिवसा याच रस्त्यावर खांदा तिरका करून वाट काढावी लागते. पहाटे तो सबंध आपला असतो.

हा चौक मी घराजवळ आहे म्हणून निवडलेला नाही. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास बंगळूर वसवलं, तेव्हा याच जागी चार बैलजोड्या नांगराला जुंपल्या आणि चार दिशांना सोडल्या, अशी आख्यायिका आहे. बैल जिथे थांबले तिथे पेठेची हद्द ठरली, आणि तासांचे रस्ते झाले. आख्यायिकाच ती, कागद दाखवता येणार नाही. पण दोड्डपेट उत्तर-दक्षिण आणि चिकपेट पूर्व-पश्चिम आजही तशीच आहे, आणि मला ती गोष्ट मनापासून पटते. या शहराचा नकाशा आधी पायांनी काढला. आज मला एवढंच सांगायचं आहे, की शहराच्या कडेची हिरवी जागा शाबूत राहते ती तिथे पाय जात राहिले म्हणून. पाय थांबले की जागा जाते.

कड म्हणजे नक्की कुठे? पूर्वी ती दिसायची. केंपेगौडांच्या नावाने ओळखले जाणारे चार बुरूज आहेत: लालबागेच्या खडकावर, केंपांबुधी तळ्याजवळ, हलसूरच्या तळ्याजवळ आणि उत्तरेला मेखरी सर्कलपाशी. शहर इथवरच वाढेल, असं सांगण्यासाठी ते बांधले, असं म्हणतात. चिकपेटच्या चौकातून यातला प्रत्येक बुरूज तीन ते सहा-सात किलोमीटरांत येतो. एका दमात धावून गाठता येईल एवढं हे गाव होतं. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने ते घेतलं आणि पुढे शहाजीराजांना जहागीर मिळाली, तेव्हाही एवढंच होतं. राजांचा गौरी महाल आपल्या चिकपेटेतच होता असं परंपरा सांगते. आपले रंगारी, शिंपी, भावसार पेठेत रुजले, विठोबाची देवळं उभी राहिली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, अशी कित्येक पिढ्यांची आपली रीत. माझे अण्णा तळ्याला कधी तळं म्हणाले नाहीत, 'केरे'च म्हणायचे. तेव्हा मीही आज दोन्ही शब्द वापरले तर चालवून घ्या.

बेचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली आणि मी धावायला लागलो. कापडाच्या दुकानात गादीवर बसून आयुष्य गेलेला माणूस. पहिल्या दिवशी मार्केटच्या कोपऱ्यावरच छाती भरून आली. तीन महिन्यांनी मात्र मी किल्ल्यावरून, जे. सी. रोडने, मिनर्व्हा सर्कल ओलांडून लालबागेत पोचलो, आणि थेट त्या खडकावर चढलो.

तो खडक तुम्ही लहानपणापासून पाहिलाय, घसरगुंडीही केली असेल. पण एकदा उजाडताना बूट काढून त्यावर उभे राहा. दगड रात्रभर निवलेला असतो, तळपायाला गार आणि खरखरीत लागतो. जवळून पाहिलं तर त्यात करड्या आणि फिकट गुलाबी पट्ट्या दिसतात, पिठात दूध नीट न मिसळता ढवळल्यावर येतात तशा. तो नाईस आहे, सुमारे ३०० कोटी वर्षांचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलंय. खडकाच्या खाचांत पावसाचं पाणी साचतं, त्यात गवत उगवतं, आणि माथ्यावर तो छोटासा बुरूज. हैदर अलीने १७६० मध्ये इथे बाग धरली तेव्हा ती गावाबाहेर होती. आज २४० एकरांची ही बाग शहराच्या पोटात आहे. तिथून खाली उतरलं की काचघर, १८८९ सालचं, मग तळ्याची कड, मग मोठमोठ्या झाडांखालची लाल मातीची पायवाट. क्रुंबिगेल नावाच्या जर्मन उद्यानतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी योजना केली, की वर्षाच्या कोणत्याही महिन्यात शहरात काही ना काही फुललेलं असावं. धावणाऱ्याला ती योजना पायांनी कळते. माघ-फाल्गुनात गुलाबी फुलांवरून धावायचं, चैत्र-वैशाखात जांभळ्या आणि लाल.

लालबाग टिकली, कारण रोज पहाटे तिथे हजारो माणसं येतात. एखादं झाड पाडलं तर दुसऱ्या दिवशी सहा वाजता शहराला कळतं.

आता ज्या जागा टिकल्या नाहीत त्यांच्याकडे वळतो. चिकपेटहून पश्चिमेला दहा मिनिटं चाललं की मॅजेस्टिक. तिथल्या बसस्थानकाची जागा म्हणजे धर्मांबुधी तळं. पेठ याच तळ्याचं पाणी प्यायची. १८९० च्या दशकात हेसरघट्टाहून नळाचं पाणी आलं आणि कळशी घेऊन तळ्यावर जाणं थांबलं. गाळ कोण काढणार, बांध कोण राखणार? तळं आटत गेलं, आणि आटलेलं तळं ही सरकारच्या दृष्टीने मोकळी जमीन असते. नळाला मी दोष देत नाही. आमच्या पणजीच्या डोक्यावरची घागर त्यामुळेच उतरली. पण तळ्याकडे जाणारी वाट त्याच दिवशी मोडली, हेही तितकंच खरं.

पूर्वेला संपंगी केरे. तिचं तळ सुकल्यावर तिथे पोलो खेळला जाई, आणि तिगळ माळ्यांना मात्र आपल्या मळ्यांसाठी पाणी हवं होतं. पर्यावरणाच्या अभ्यासक हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तळ्याचा इतिहास जुन्या दप्तरांतून बाहेर काढला आहे, तो जरूर वाचा. आज त्या जागी कांतीरव स्टेडियम आहे. २००८ मध्ये बंगळूरची १० किलोमीटरची मोठी शर्यत सुरू झाली, तेव्हा पहिली काही वर्षं ती तिथूनच सुटायची. मीही एकदा त्या गर्दीत उभा होतो, छातीवर क्रमांक लावून, एका मेलेल्या तळ्याच्या तळाशी, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पण त्या तळ्याचा एक तुकडा अजून जिवंत आहे. स्टेडियमच्या आवारातच एक छोटं कुंड राखलेलं आहे. ते का राहिलं? चैत्री पौर्णिमेच्या करग उत्सवामुळे. हा करग तिगळरपेटच्या धर्मरायस्वामींच्या देवळातून निघतो. मध्यरात्रीनंतर द्रौपदीचं रूप घेतलेला तो पुजारी, डोक्यावर फुलांनी मढवलेला करग, भोवती तलवारी उपसलेले वीरकुमार, आणि पेठेच्या गल्ल्यांतून उजाडेपर्यंत ती धाव. वाटेत कॉटनपेटच्या तवक्कल मस्तान दर्ग्यावरही थांबायचं. माझ्या मते शहराच्या पायांखालची आज जिवंत असलेली ही सर्वांत जुनी वाट. या उत्सवाच्या विधींसाठी संपंगीचं पाणी लागतं, म्हणून तेवढं पाणी कुणाला बुजवता आलं नाही. स्टेडियमचा आराखडा करणाऱ्यांनाही तेवढ्यापुरतं थांबावं लागलं.

आपल्याला हे नवं वाटायला नको. आळंदी ते पंढरपूर ही वाट कुणा खात्याने आखलेली नाही. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. अश्व धावतो, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. पाय पडले म्हणून ती जागा जागा झाली.

आता आजच्या कडेला जाऊ. ती आता बुरुजांपाशी राहिलेली नाही, दक्षिणेला पंधराएक किलोमीटर सरकली आहे. कनकपुरा रस्त्याजवळ तुरहळ्ळीचं रान आहे, सहाएकशे एकरांचं, बोडके कातळ आणि काटेरी झुडपं. जानेवारी २०२१ मध्ये मेट्रोची हिरवी मार्गिका सिल्क इन्स्टिट्यूटपर्यंत गेली, आणि चिकपेट स्थानकात जमिनीखाली गाडीत बसून थेट रानाच्या वेशीवर उतरता येऊ लागलं. मी तर हरखून गेलो होतो.

तिथलं धावणं वेगळं. लालबागेत नजर वर असते, इथे पायांत. लाल मुरमाची पाऊलवाट, मध्येच दगडाची पाठ वर आलेली, पावसाने खोदलेली घळ, निलगिरीची सुकी पानं, ज्यांवर बूट सरकतो. पहिल्याच महिन्यात उतारावर माझा घोटा मुरगळला. चूक माझीच, गाण्याच्या नादात होतो. बसलो एका शिळेवर, आणि लंगडत निघावं म्हणेपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी तुरहळ्ळी खऱ्या अर्थाने पाहिली. समोरच्या खडकावर एक सरडा ऊन खात होता, गळा केशरी झालेला. झुडपात तितर ओरडत होते. बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतात, त्या इथल्याच. उत्तरेला शहराच्या इमारती भिंतीसारख्या उभ्या होत्या.

त्याच सुमारास या रानात वृक्षउद्यान करायची योजना पुढे आली. योजना म्हणजे पक्क्या वाटा, कुंपण, बाकडी. ऐकायला वाईट काय आहे त्यात? पण रोज तिथे धावणारे, सायकल चालवणारे, पक्षी पाहणारे, आसपासच्या घरांतले लोक फेब्रुवारीत फलक घेऊन उभे राहिले, की आम्हाला उद्यान नको, रान हवं. त्यांत कॉलेजची पोरं होती तशा काठी टेकत आलेल्या आजीही होत्या. योजना बाजूला ठेवावी लागली. ही माणसं तिथे नेमाने जात होती, म्हणूनच त्यांना कोणती झुडपं जाणार हे बोट ठेवून सांगता आलं. घरी बसून रान वाचवता येत नाही.

पण इथेच मला आपल्या धावणाऱ्यांनाही एक सांगायचंय, आणि ते थोडं कडू आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत शहराच्या कितीतरी केरे दुरुस्त झाल्या. चांगलंच झालं. पण बऱ्याच ठिकाणी आपल्याला गोल फेरी मारता यावी म्हणून चारही बाजूंनी बांध घातला, फरशा लावल्या, जाळी ठोकली. तळ्याची एक बाजू उथळ असावी लागते. तिथे लव्हाळा वाढतो, बगळे पायांवर उभे राहतात, गुरं पाण्याला येतात. त्या चिखलाला कड म्हणतात. आपण ती कापली आणि तळ्याची वाटी केली. धुणी धुणारे, गुरं आणणारे, गवत कापणारे यांना फाटकावरूनच परत पाठवलं. त्यांचे पाय आपल्या आधी पाचशे वर्षं तिथे होते. आपल्या बुटांसाठी त्यांची वाट मोडायची असेल, तर तसली फेरी मला नको.

आणि एक जागा अशी, जिथे मी धावत नाही. शहराच्या वायव्येला हेसरघट्टाचं गवताळ रान. लांबून पाहिलं तर नुसता माळ. वर्षानुवर्षं त्याला पडीक जमीन समजून तिथे काय काय उभारायचे बेत झाले. २०११ च्या सुमारास तिथे तणमोर दिसला, हा किती दुर्मीळ पक्षी आहे ते आपल्याकडच्या माळरानांवर हिंडणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पुष्कळ झगड्यानंतर २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने तिथली साडेपाच हजारांहून अधिक एकर जागा संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. चंडोलासारखे पक्षी तिथे जमिनीवरच, गवताच्या मुळाशी घरटं करतात. मुठीएवढी वाटी, आत मातीच्या रंगाची ठिपक्यांची अंडी. दोन हातांवरूनही दिसत नाहीत. धावणाऱ्याचा पाय ती पाहत नाही. तिथे पाय जायला हवेत, पण हळू आणि मळलेल्या गाडीवाटेनेच.

गेल्या रविवारी मी तिथे गेलो होतो. माळ ओलांडून हेसरघट्टाच्या बांधावर चढलो. अर्कावतीचं पाणी १८९० च्या दशकात इथेच अडवलं, आणि विटांच्या कमानींवरून ते ज्या पाटाने निघालं त्याचे अवशेष अजून दिसतात. विटा जागोजाग सुटल्यात, फटींत पिंपळ उगवलाय. आमच्या पणजोबांच्या काळात चिकपेटच्या नळाला जे पाणी आलं ते इथून, आणि धर्मांबुधीची वाट मोडली तीही याच पाण्याने. मी बूट हातात घेतले आणि कमानींच्या कडेकडेने, पाणी गेलं त्या दिशेने, गावाकडे चालू लागलो.