पहिली वेळ, दुसरी वेळ

गावात एखादा पोरींच्या मागे लागतो. तक्रार होते, मग चार माणसं बसून मिटवतात. म्हणतात, "पहिलीच वेळ आहे, जाऊ द्या." कायद्यात पहिली वेळ कशाला म्हणतात, ते आज समजून घेऊ.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम ७८ प्रमाणे पाठलाग केल्याबद्दल पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, जामीनही हक्काने मिळतो. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर ५ वर्षांपर्यंत कैद, आणि जामीन हक्काचा राहत नाही. बलात्काराची शिक्षा झालेला पुन्हा त्याच गुन्ह्यात दोषी ठरला, तर कलम ७१ प्रमाणे मरेपर्यंत तुरुंग किंवा फाशी.

पण आधीचा गुन्हा म्हणजे कोर्टाने दोषी ठरवलेला. गावातला बोभाटा त्यात धरत नाहीत. आपल्या गटाच्या वहीत नोंद नसेल तर हप्ता भरला असं आपण धरतो का? तसंच हे. जुना निकाल कोर्टात सिद्ध करावा लागतो. शिवाय जुनी शिक्षा आहे म्हणून आताचा गुन्हाही त्यानेच केला, असं कोर्ट मानत नाही. ते योग्यच आहे, खोटा आळ कुणावरही येऊ शकतो.

म्हणून बैठकीत कुणी ताई असं दुखणं घेऊन आली, तर "मिटव" म्हणू नका. निर्णय तिचा, सोबत आपली. एफआयआरची नक्कल मोफत मिळते, ती मागून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकीलही मोफत मिळतो. साक्षीच्या दिवशी तिच्याबरोबर जा.

दहा वेळा मिटवलं, तरी कायद्यापुढे त्याची पहिलीच वेळ असते.