दोन वर्षं इथं, दोन वर्षं तिथं
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



अमेरिकेतल्या शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्डच्या पुढे सहसा जात नाही. मी आज ज्या कॉलेजांबद्दल बोलणार आहे त्यांची नावं तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली नसतील. डी अँझा, ओलोनी, शाबो, डायब्लो व्हॅली. ही कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं. त्या एका राज्यात अशी 116 आहेत. प्रवेशपरीक्षा नाही, टक्क्यांची अट नाही. हायस्कूल पास झालेला किंवा अठरा पूर्ण केलेला कुणीही यावं आणि नाव घालावं. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटचे 46 डॉलर पडतात. दोन वर्षांची 60 युनिटं धरली तर 2,760 डॉलर. कॅलिफोर्निया विद्यापीठात नव्या विद्यार्थ्याला एका वर्षाची फीच चौदा-पंधरा हजार डॉलरच्या घरात जाते. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून तिसऱ्या वर्षाला त्याच विद्यापीठाच्या बर्कले किंवा यूसीएलए आवारात जायचं, त्याला ट्रान्सफर म्हणतात. शेवटी हातात पडणाऱ्या पदवीवर फक्त विद्यापीठाचं नाव असतं. बारावीला गुण घसरले होते की नव्हते, हे तोपर्यंत कुणी विचारतही नाही.

या वाटेनं गेलेल्यांची यादी दिपवणारी आहे. बेसबॉलमधला वर्णभेदाचा अडसर मोडणारा जॅकी रॉबिन्सन पॅसाडिना ज्युनिअर कॉलेजातून यूसीएलएला गेला. ॲपलचा स्टीव्ह वॉझनियाक डी अँझात शिकून बर्कलेला गेला. टॉम हँक्स शाबोतून सॅक्रामेंटोला गेला. 1999 साली स्पेस शटलची पहिली महिला कमांडर झालेली आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून सिराक्यूज विद्यापीठात गेली होती. कॉलेजांच्या माहितीपत्रकांत ही नावं हमखास असतात.

माहितीपत्रकात नसतं ते मी सांगतो. देशभर कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्यांपैकी साधारण ऐंशी टक्के जण म्हणतात, आम्हाला चार वर्षांची पदवी हवी आहे. प्रत्यक्षात विद्यापीठापर्यंत पोचतात जेमतेम एक तृतीयांश. आणि सहा वर्षांत पदवी हातात पडते ती शंभरातल्या सुमारे सोळा जणांच्या. बाकीचे कुठे जातात, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय. ते आळशी असतात, त्यांची कुवत नसते, असं उत्तर अमेरिकेतही दिलं जातं आणि आपल्याकडेही देतील. मला ते पटत नाही. त्यातले पुष्कळ जण अभ्यासात हरत नाहीत, हिशेबात हरतात. कुठला हिशेब, तिकडे मी येतोच. त्याआधी थोडा इतिहास, कारण मेख तिथंच आहे.

1901 साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघालं. त्यामागे होते शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर. गोरगरिबांना उच्च शिक्षण मिळावं हा त्यांचा मुख्य हेतू होता, असं समजू नका. पहिल्या दोन वर्षांचं प्राथमिक स्वरूपाचं शिकवणं विद्यापीठाच्या अंगावरून उतरवावं आणि विद्यापीठानं जर्मन धर्तीवर संशोधन करावं, असं त्यांचं आणि त्या काळच्या अनेक विद्यापीठप्रमुखांचं मत होतं. पोरासोरांची गर्दी बाहेर थांबवायची, त्यातून निवडक आत घ्यायचे. फ्रेस्नोसारख्या गावांना याचं वेगळंच महत्त्व वाटलं. बर्कले आणि स्टॅनफर्ड दोन्ही लांब, शेतकऱ्यांच्या मुलांना तिथं ठेवणं परवडायचं नाही. म्हणून 1907 च्या राज्य कायद्याचा आधार घेऊन फ्रेस्नोनं 1910 मध्ये आपल्या हायस्कूललाच कॉलेजचे वर्ग जोडले. म्हणजे एकाच संस्थेचे दोन बाप. एकाला गर्दी अडवायची होती, दुसऱ्याला वाट काढून द्यायची होती. आजही या कॉलेजांच्या अंगात दोघंही नांदतात.

1960 मध्ये कॅलिफोर्नियानं उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. क्लार्क कर तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि आराखड्यावर त्यांची छाप स्पष्ट आहे. हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांना राज्य विद्यापीठं आणि उरलेल्या सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज. वाचताना ही उतरंड वाटते. पण कर यांनी त्यात एक पाचर मारून ठेवली होती. विद्यापीठांनी वरच्या दोन वर्षांत जागा जास्त ठेवायच्या, साठास चाळीस या प्रमाणात, म्हणजे खालून येणाऱ्यांना बसायला जागा राहील. आराखड्यातलं हे कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अठराव्या वर्षी लागलेला निकाल विसाव्या वर्षी बदलता येईल, याची तरतूद एका सरकारी कागदात आकड्यांनिशी केलेली होती.

त्याच वर्षी, 1960 मध्येच, बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञानं सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजवर पुस्तक लिहिलं. त्यानं दाखवलं की या कॉलेजात विद्यार्थ्याला कुणी नापास करून हाकलत नाही. त्याची उमेद हळूहळू उतरवली जाते. आधी चाचणी, मग समुपदेशकाशी गप्पा, मग 'स्वतःची ओळख' करून देणारा एक अभ्यासक्रम, मग पुन्हा समुपदेशक. मुलगा इंजिनिअर व्हायचं म्हणून आलेला असतो. वर्षभरानं तोच म्हणायला लागतो की टेक्निशियनचा कोर्स आपल्याला बरा. कुणी नकार दिला नाही, त्यामुळे भांडायचं कुणाशी हेही कळत नाही. माझ्या मते शिक्षणव्यवस्थेवर इतकं अचूक निरीक्षण क्वचितच कुणी नोंदवलं असेल. कॅलिफोर्नियात तर परवापरवापर्यंत चाचणीत मागे पडलेल्यांना शालेय गणिताच्या वर्गात बसवत. त्या वर्गांची युनिटं विद्यापीठात धरली जात नाहीत. तीन-तीन सत्रं तिथंच जायची. 2017 च्या कायद्यानं याला बराच लगाम घातला.

आता हिशेबाकडे येतो.

एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. ही कल्पित आहे, पण अशा कितीतरी मुली मला वर्गात भेटल्या. दिवसा सुपरमार्केटच्या काउंटरवर उभी असते, संध्याकाळी कॉलेजला येते. तिला कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे. कुठलं विद्यापीठ घेईल हे माहीत नाही, म्हणून ती चार ठिकाणी अर्ज करणार. अर्ज नोव्हेंबरमध्ये, निकाल पुढच्या वसंतात. दरम्यान विषय तर घेत राहायला हवेत. कुठले घ्यायचे? त्यासाठी असिस्ट नावाचं राज्याचं संकेतस्थळ आहे. त्यावर आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि हवा तो विषय निवडायचा, की दोन रकाने समोर येतात. डावीकडे विद्यापीठाला लागणारे अभ्यासक्रम, उजवीकडे त्यांच्या जागी चालणारे आपल्या कॉलेजचे. मध्ये बाण. काही ओळींत उजवीकडे बाणापुढे अभ्यासक्रम नसतोच, नुसतं लिहिलेलं असतं: 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड'. म्हणजे हा विषय तुमच्या कॉलेजात शिकून चालणार नाही. दुसरं कॉलेज शोधा, नाहीतर नंतर बघू. आता चारही विद्यापीठांची पानं शेजारी ठेवा. एकाला भौतिकशास्त्राची पूर्ण मालिका हवी, दुसऱ्याला कमी चालतं. एकाला प्रोग्रॅमिंग या भाषेत हवं, दुसऱ्याला त्या. आपल्या कॉलेजात जावा शिकवली आणि तिकडे सी प्लस प्लस लागते, असंही होतं. चौघांचं मन राखायचं तर दोन वर्षांची तीन होतात. संध्याकाळचा वर्ग भरलेला असला तर साडेतीन.

त्यात सत्रांचा घोळ. डी अँझात वर्षाचे क्वार्टर, बर्कलेत सेमिस्टर. कॅल्क्युलसचं जे वर्षभराचं काम बर्कलेत दोन तुकड्यांत होतं, ते डी अँझात तीन तुकड्यांत. मध्येच कॉलेज बदललं तर तुकडे कुठेच नीट बसत नाहीत.

आणि खरी मेख तर याहून बारीक आहे. विद्यापीठ सांगतं, तुमची युनिटं आम्ही स्वीकारली. ऐकणारा खूश होतो. पण ती 'ऐच्छिक' म्हणून स्वीकारलेली असतात. मुख्य विषयाच्या अटीत ती धरलेली नसतात, म्हणून तोच विषय पुन्हा करावा लागतो, आणि या वेळी विद्यापीठाच्या दरानं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं 2017 मध्ये अहवाल दिला. 2004 ते 2009 या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी 43 टक्के क्रेडिटं, म्हणजे युनिटं, वाया गेल्याचा त्यांचा अंदाज होता. यात नफ्यासाठी चालणारी खासगी कॉलेजंही धरलेली आहेत, हे सांगायला हवं. तरीही केलेल्या अभ्यासातला जवळजवळ निम्मा कुणाच्या हिशेबातच नाही, ही गोष्ट साधी नव्हे.

विद्यापीठातल्या प्राध्यापकांचीही बाजू आहे. मी दोन्हीकडच्यांशी वाद घातलेत. ते म्हणतात, अभ्यासक्रमाचं नाव एक असलं तरी खोली एक नसते, आणि कच्चा पाया घेऊन आलेला मुलगा आमच्या तिसऱ्या वर्षात बुडतो. यात तथ्य नाही असं नाही. ट्रान्सफरनंतरच्या पहिल्या सत्रात गुण घसरतात, याला 1965 मध्येच जॉन हिल्स यांनी 'ट्रान्सफर शॉक' असं नाव दिलं. पण बहुतेक जण पुढच्या सत्रांत सावरतात. आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात पोचलेले ट्रान्सफर विद्यार्थी पदवी मिळवण्यात थेट आलेल्यांच्या तोडीस तोड ठरतात. मग कच्च्या पायाची ही तक्रार नेमकी कुणाबद्दल आहे? बर्कलेत पहिल्या वर्षाचा कॅल्क्युलस शेकडो मुलांच्या सभागृहात चालतो. कम्युनिटी कॉलेजात वर्गात तीस-चाळीस जण असतात आणि शिक्षकाला संशोधनाचे निबंध छापायचे नसतात, शिकवायचंच असतं. (त्यातले निम्म्याहून जास्त अर्धवेळ. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गाडी हाकत फिरतात, म्हणून त्यांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. त्यांच्या पगारावर स्वतंत्र व्याख्यान होईल.)

मला वाटतं, प्रश्न दर्जाचा कमी आणि अधिकाराचा जास्त आहे. कुठला अभ्यासक्रम कशाच्या बरोबरीचा, हे ठरवायचं कुणी? कॅलिफोर्नियात प्रत्येक विद्यापीठाचा प्रत्येक विभाग हे स्वतः ठरवत आला. शिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठाला 1879 च्या राज्यघटनेनं स्वायत्तता दिलेली आहे, त्यामुळे कितीतरी बाबतींत विधिमंडळ त्याला हुकूम देऊ शकत नाही, विनंती करतं. फ्लोरिडानं 1970 च्या दशकातच सगळ्या सरकारी कॉलेजांतल्या सारख्या अभ्यासक्रमांना एकच क्रमांक द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांनी एक क्रमांक वापरावा, हा कायदा व्हायला 2021 उजाडलं. ज्या राज्यानं जगाला सिलिकॉन व्हॅली दिली, त्याला 'इंग्रजी, पहिलं सत्र' याला सगळीकडे एकच क्रमांक द्यायला इतका उशीर लागावा!

मधल्या काळात काही बऱ्या गोष्टी झाल्या. 2010 च्या कायद्यानं ट्रान्सफरसाठीची खास दोन वर्षांची असोसिएट पदवी आली. ती घेतली की राज्य विद्यापीठात जागा नक्की आणि तिथं आणखी 60 युनिटांत पदवी. पण जागा नक्की म्हणजे राज्यात कुठेतरी. सॅन होजेत आईवडिलांना सांभाळणाऱ्या आपल्या त्या काउंटरवरच्या मुलीला दोनशे मैलांवर जागा मिळाली, तर ती आश्वासन पाळल्याच्या यादीत मोजली जाते आणि घरीच राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सहा आवारं ठरलेल्या अटी पुऱ्या केल्यास प्रवेशाची हमी देतात. बर्कले, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो-फ्रिमाँट भागातल्या मराठी घरांत या विषयावर आवाज खाली येतो. मुलगा डी अँझात आहे, हे वाक्य एकटं कधी येत नाही. 'दोन वर्षंच, मग बर्कले' हे शेपूट लागतंच. डी अँझा ॲपलच्या मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच कॉलेजात वॉझनियाक शिकला, हे आपल्या लोकांना कुणीतरी दरवेळी सांगावं लागतं.

आपल्याकडे याच्या अगदी जवळची वाट आहे, ती म्हणजे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणं. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर. इथं कुणी अभ्यासक्रमासमोर अभ्यासक्रम ठेवून बाण काढत बसत नाही. डिप्लोमा अख्खाच्या अख्खा मान्य. मला हे अमेरिकेपेक्षा उदार वाटतं. पण या मुलांनी पहिल्या वर्षाचे गणिताचे एम-वन आणि एम-टू केलेले नसतात आणि समोर एम-थ्री उभा राहतो. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या तर मुलं वर्गात पोचेपर्यंत लाप्लास ट्रान्सफॉर्म अर्धा झालेला असतो. मग केटी. कॉलेज म्हणतं, डिप्लोमावाल्यांचं गणित कच्चं. हिल्सनं नाव दिलेला तोच धक्का. फरक इतकाच की तिकडे तो मोजतात आणि इथं तो विद्यार्थ्याच्या नावावर टाकून मोकळे होतात. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स 2021 पासून आली आहे. क्रेडिटं जमा होतात, हे ठीक. दुसऱ्या विद्यापीठाचा विभागप्रमुख ती 'ऐच्छिक' म्हणून घेणार की मुख्य विषयात धरणार, हे कागदावर आधी लिहून मिळायला हवं.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न बहुधा हाच येईल: मुलाला इथून थेट कम्युनिटी कॉलेजात पाठवावं का? आताच सांगतो. 46 डॉलरचा आकडा डोक्यातून काढा, तो रहिवाशांसाठी आहे. परदेशी विद्यार्थ्याची फी त्याच्या कैकपट असते. बहुतेक कॉलेजांना वसतिगृह नाही, आणि बे एरियातलं घरभाडं फीलाही मागे टाकतं. तरीही विद्यापीठात चार वर्षं काढण्यापेक्षा हे स्वस्त पडू शकतं आणि प्रवेशाच्या हमीची योजना परदेशी मुलांनाही खुली आहे. एजंट विचारेल ते विचारू दे. तुम्ही आधी मुलाचा विषय आणि हवं ते विद्यापीठ घालून असिस्टचं पान उघडा. उजव्या रकान्यात किती ठिकाणी 'नो कोर्स' आहे ते मोजा. मग ते पान छापून त्यावर वर्ष घालून ठेवा, कारण कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यातले हे करार शैक्षणिक वर्षागणिक बदलतात आणि उद्या वाद झाला तर कुठल्या वर्षीचं पान धरायचं यावरच सगळं अडतं.