रेकॉर्डिंगवाला बॉक्स घ्यायचा का?

आजचा विषय आपल्या कामाचा नाही, असं तुम्हाला पहिल्यांदा वाटेल. तुम्ही हे मोबाइलवर ऐकताय, आणि घरचा टीव्ही शेवटचा कधी लावला होता ते तुमच्यापैकी अर्ध्या लोकांना आठवावं लागेल. पण सोलापुरातून सध्या एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "घरचा जुना सेट-टॉप बॉक्स बदलायचाय. रेकॉर्डिंगवाला घेऊ, का साधाच ठेवू? का आता ॲप असताना हे सगळं फालतू आहे?"

माझं उत्तर थोडं वेगळ्या दिशेचं आहे, म्हणून आख्खा भाग याच्यावर.

डिजिटल व्हायचं की नाही, हे आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं. केबल डिजिटल करायचा दुसरा टप्पा ३८ शहरांचा होता, त्यात सोलापूर होतं, आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. बॉक्स लावा नाहीतर पडदा काळा. रेकॉर्डिंगचं तसं नाही. ते सक्तीचं कधीच नव्हतं. टाटा स्कायने, म्हणजे आताच्या टाटा प्लेने, २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आणला, त्यात रेकॉर्डिंग होतं, चालू कार्यक्रम थांबवता यायचा. पण तो पैसेवाल्यांच्या घरची वस्तू राहिला. आपल्या गल्लीत किती जणांकडे होता, आठवून बघा.

आता सोलापुरात याची गरज का पडावी? एका शब्दात सांगतो. पाणी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणार, आणि ते नेमकं संध्याकाळी मालिकेच्या वेळेला आलं की घरातली बाई काय करणार? मोटर, बॅरल, हंडे, पिंप. मालिका गेली. त्यात कुणी विड्या वळणारी, कुणी रेडिमेडच्या शिलाईवर, कुणाचा नवरा कारखान्यात पाळीवर. टीव्हीचं वेळापत्रक मुंबईत ठरतं आणि आपल्या घराचं वेळापत्रक पाणी सोडणाऱ्याच्या हातात. रेकॉर्डिंगचा बॉक्स म्हणजे त्या दोघांच्या मधे घातलेली पाचर, बाकी काही नाही.

"मग ॲपवर बघू दे की." हे तुम्ही म्हणणार, मला माहितीय. यावर थोडं थांबू.

सोलापूरच्या कितीतरी घरांत टीव्ही एका भाषेत चालत नाही. पूर्व भागात जा, आजी तेलुगू मालिका बघते, सून मराठी, नातू हिंदी किंवा क्रिकेट. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. आता ही सगळी चॅनलं एकाच ॲपमध्ये मिळतात का? नाही. प्रत्येक नेटवर्कचं ॲप वेगळं. झीचं वेगळं, सोनीचं वेगळं, सनचं वेगळं, स्टारचं ते आता जिओहॉटस्टार. प्रत्येकाचा प्लॅन वेगळा. रेकॉर्डिंगच्या बॉक्सला याच्याशी देणंघेणं नसतं. जे चॅनल तुमच्या पॅकमध्ये आहे ते तो रेकॉर्ड करतो, भाषा कुठलीही असो.

आणि खरी गोष्ट पुढं आहे. ॲप कुणाच्या नावावर असतं? तुमच्या. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? तुमच्या. तुम्ही नोकरीला पुण्याला गेलात, हिंजवडीत रूम घेतली. इकडे टीव्हीवरचं ॲप एके दिवशी लॉगआउट झालं. आई फोन करणार, तुम्ही मीटिंगमध्ये. रात्री दहाला तुम्ही ओटीपी सांगणार, तोवर ती झोपलेली. दोनदा असं झालं की ती तिसऱ्यांदा विचारतच नाही. "राहू दे, काही अडत नाही," म्हणते. हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय.

रिमोटवरच्या लाल बटणाला ओटीपी लागत नाही. म्हणून मी या बॉक्सला जुनाट म्हणायला तयार नाही.

आता जरा आतलं बघू, कारण दुकानदार हे सांगत नाही.

दोन प्रकार असतात. एकात हार्ड डिस्क आतच बसवलेली. दुसऱ्याला मागे यूएसबीची खाच असते, पेन ड्राइव्ह आपण लावायचा. लोक पहिल्याच्या मागे पळतात, पाचशे जीबी वगैरे ऐकून. पण हिशोब करा. साधं चॅनल साधारण दोन एमबीपीएसने येतं असं धरलं तर तासाला जेमतेम एक जीबी. म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेला अर्धा जीबी. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर साठेक भाग बसतात. दोन मालिका, आठवड्याला सहा दिवस, तरी महिनाभर पुरेल. एचडी असेल तर तीनपट जागा धरा. ज्या घरात बघून झालं की पुसायचं आहे, तिथं पाचशे जीबीचं काय करायचं? सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, बंद शोकेसमध्ये ठेवलेल्या बॉक्सच्या आत चोवीस तास फिरणारी डिस्क तापणार ती वेगळीच.

हां, पण आतल्या डिस्कवाल्या डीटीएच बॉक्सला बहुतेक वेळा दोन ट्यूनर असतात. म्हणजे एक चॅनल रेकॉर्ड करता करता दुसरं बघता येतं. एकच ट्यूनर असेल तर रेकॉर्डिंग चालू असताना घरातल्या बाकीच्यांनीही तेच बघायचं. आजीची मालिका रेकॉर्ड होतेय आणि त्याच वेळी आयपीएलची शेवटची ओव्हर आहे, तर काय होईल ते मी सांगायला नको. दोन ट्यूनर म्हणजे छत्रीवरून दोन वायरी खाली आणाव्या लागतात, हेही आधीच विचारून ठेवा.

अजून एक, आणि याच्यावरच निम्म्या घरांत हा बॉक्स फसतो. टायमर लावलेलं रेकॉर्डिंग व्हायचं तर बॉक्सला वीज पाहिजे. स्टँडबायवर चालेल, पण भिंतीवरचं बटण चालू पाहिजे. आपल्याकडे बाहेर पडताना वडील काय करतात? सगळी बटणं खटाखट बंद. बॉक्स पंधरा वॅटचा धरला तर महिनाभर चालू ठेवल्यावर अकराएक युनिट होतात. ते चालणार का, हे बॉक्स घ्यायच्या आधी घरात बोला. नाहीतर रोज रात्री बटण बंद आणि रोज सकाळी "रेकॉर्डच झालं नाही". लाइट जाते तिथं तर इन्व्हर्टरवर टीव्हीचा पॉइंट आहे का तेही बघा.

आता कायद्याचं. स्वतःपुरतं रेकॉर्ड करणं बेकायदा आहे का, असं बरेच जण विचारतात. नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३९ आहे, त्यात खाजगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग चालतं. अमेरिकेत यावर मोठा खटला झाला होता, सोनीच्या बेटामॅक्सचा. १९८४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार अशा निकालात सांगितलं की नंतर बघायला म्हणून घरी रेकॉर्ड करणं चालेल. म्हणजे तिकडेही एका मतावर सुटलंय.

पण कायदा हो म्हणतो तरी बॉक्स नाही म्हणतो. पूर्वी व्हीसीआरची कॅसेट शेजारी दिली की त्याच्या व्हीसीआरवर चालायची. या बॉक्समधलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि ते त्याच बॉक्सशी बांधलेलं असतं. पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला तर काही दिसणार नाही. बॉक्स बिघडला, बदलून मिळाला, की जुनं गेलं. बऱ्याच ठिकाणी रिचार्ज संपला की आपलंच रेकॉर्डिंग आपल्याला बघता येत नाही. पुतण्या टीव्हीवर झळकला, गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत घरचं कुणी दिसलं, असलं काही जन्मभर ठेवायचं असेल तर या बॉक्सवर विसंबू नका. सरळ मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढा. चित्र खराब येईल, पण तुमच्याकडे राहील.

यात्रेवरून आठवलं. गावातली लोकल चॅनलं केबलवरच असतात, डीटीएचवर येत नाहीत. रेकॉर्डिंगच्या नादात केबल काढून छत्री बसवली आणि मग जानेवारीत वडील विचारतात, आपलं चॅनल कुठाय. काही लोकल चॅनलं यूट्यूबवर असतात, पण पुन्हा तेच, मोबाइल कुणाचा?

तर माझं मत. तुम्ही रूमवर राहता, एकट्याने बघता, तर हा विषय सोडा, ॲप पुरे. घरात सगळे मिळून राहता आणि एखादं माणूस कायम मोबाइलवाला आहे, तरीही घाई नको. पण आई-वडील दोघंच आहेत, भाषा दोन-तीन आहेत, आणि पाण्याची वेळ संध्याकाळची आहे, तिथं घ्या. पाचशे जीबीचा नको. आधी तुमच्या केबलवाल्यालाच विचारा की त्याच्या बॉक्सची यूएसबीची खाच रेकॉर्डिंगला चालू आहे का. कितीतरी बॉक्सना खाच असते, पण ती सोय बंद ठेवलेली असते. चालू करायला महिन्याला वेगळे पैसे लागतात का, हेही तिथंच विचारा. तो नाही म्हणाला तरच डीटीएचच्या दोन ट्यूनरवाल्याकडे वळा, आणि लोकल चॅनल जाणार हे घरात आधी सांगा.

घेतलात तर पुण्याला परत जायच्या आधी एक शनिवार-रविवार त्याला द्या. टायमर लावून दाखवू नका, त्यांनाच लावायला सांगा. मालिका वेळेपेक्षा पुढं सरकते, म्हणून शेवटी पाच मिनिटं जास्तीची धरायला शिकवा. आणि भिंतीवरच्या त्या एका बटणावर चिकटपट्टी लावून लिहा, "बंद करू नये". मराठीत लिहा, आजीसाठी तेलुगूतही.

तुमच्याकडे कुठला बॉक्स आहे आणि त्याची खाच चालते का, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात इन्व्हर्टरची बॅटरी. भेटूच.