महिला फुटबॉल : मैदानापासून उपजीविकेपर्यंत

(बंगळूरु येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



१४ फेब्रुवारी २०२० रोजी याच शहरातील बंगळूर फुटबॉल स्टेडियमवर इंडियन वुमेन्स लीगचा अंतिम सामना झाला. केरळच्या गोकुलम संघाने मणिपूरच्या क्रिफ्सा संघाला ३-२ असे नमविले. सामना संपण्यास थोडा अवधी असताना नेपाळच्या सबित्रा भंडारीने निर्णायक गोल केला. ज्यांनी तो सामना पाहिला, त्यांच्या मनात महिलांच्या फुटबॉलचा दर्जा कोणता, याविषयी शंका उरली नसेल.

मात्र या सामन्याला दुसरीही बाजू होती. देशातील महिलांच्या या सर्वोच्च लीगची अंतिम फेरी जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात सुरू झाली आणि तीन आठवड्यांत संपली. विजेत्या संघाला या फेरीत एकूण सात सामने मिळाले. ज्या संघांचे आव्हान गटातच संपुष्टात आले, त्यांच्या वाट्याला पाचच सामने आले. वर्षातील उरलेल्या काळात या मुलींनी काय करावे, कोठे खेळावे आणि कशावर जगावे, हा प्रश्न त्या मैदानावर कोणी विचारला नाही. आजच्या विवेचनाचा विषय तोच प्रश्न आहे. खेळाडू घडविणे आणि खेळाडूची कारकीर्द घडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि महिला फुटबॉलमध्ये दुसऱ्या गोष्टीकडे आपले फार काळ दुर्लक्ष झाले आहे.

मधल्या फळीचे काम

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्या आघाडीपटूचे नाव सर्वांच्या तोंडी असते. चूक झाली की गोलरक्षकाचेही असते. मधल्या फळीतील खेळाडूचे काम मात्र सहसा नजरेत भरत नाही. बचावपटूंकडून चेंडू घ्यायचा, क्षणभरात मैदानाचा अंदाज घ्यायचा, मोकळ्या सहकाऱ्यापर्यंत तो पोहोचवायचा आणि चेंडू गेला की लगेच मागे धावायचे, असे हे काम आहे. वरच्या दर्जाच्या सामन्यात ही खेळाडू नव्वद मिनिटांत दहा किलोमीटरच्या आसपास धावते. वेग जन्मजात असू शकतो. पण चेंडू केव्हा रोखून धरावा आणि केव्हा सोडावा, हा विवेक केवळ सामन्यांतूनच येतो. सराव त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच सामन्यांची संख्या कमी असली, तर तिचा सर्वाधिक तोटा मधल्या फळीला होतो.

भारतातील महिला फुटबॉलचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७५ मध्ये महिला फुटबॉलसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जानेवारी १९८० मध्ये कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने उपविजेतेपद मिळविले आणि १९८३ मध्ये बँकॉक येथे त्याची पुनरावृत्ती केली. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. गोव्याच्या योलांडा डिसोझा आणि बंगळूरुच्या गोलरक्षक चित्रा गंगाधरन या त्याच पिढीतील. आशियात दुसऱ्या स्थानी असलेला हा देश पुढे मागे पडत गेला. २००९ मध्ये तर दीड वर्षाहून अधिक काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे भारतीय संघाचे नाव जागतिक क्रमवारीतून वगळले गेले. देशातील मुली खेळायचे विसरल्या होत्या, असे त्याचे कारण नव्हते. सामनेच नव्हते.

इम्फाळची बेमबेम

या कालखंडाची संपूर्ण कहाणी एका मिडफिल्डरच्या आयुष्यात वाचता येते. ओइनाम बेमबेम देवी यांचा जन्म ४ एप्रिल १९८० रोजी इम्फाळ येथे झाला. लहानपणी त्या मुलांबरोबर फुटबॉल खेळत. १९९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, आशियाई स्पर्धेत त्या प्रथमच भारताकडून मैदानात उतरल्या. २००१ आणि २०१३ मध्ये त्या देशातील वर्षातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरल्या. या दोन वर्षांमध्ये बारा वर्षांचे अंतर आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २०१० ची दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा आणि २०१०, २०१२ व २०१४ मधील दक्षिण आशियाई अजिंक्यपद अशा विजयांच्या काळात त्या भारतीय संघाच्या मधल्या फळीचा आधार होत्या.

परंतु या सर्व वर्षांत त्यांचा चरितार्थ फुटबॉलच्या करारावर चालला नाही. तो मणिपूर पोलीस दलातील नोकरीवर चालला. राज्याच्या पोलीस दलाने खेळाडू म्हणून सामावून घेतले नसते, तर एकवीस वर्षांची ही आंतरराष्ट्रीय कारकीर्द संभवली असती काय, याचा विचार करावा लागतो. परदेशी क्लबशी करार करण्याची संधी त्यांना २०१४ मध्ये मिळाली. तो क्लब होता मालदीवचा न्यू रेडियंट, आणि त्यांचे वय होते चौतीस. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिलाँग येथे दक्षिण आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकून त्यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती घेतली. इंडियन वुमेन्स लीग सुरू झाली ती त्यानंतर, २०१७ मध्ये. पहिले विजेतेपद मिळविणाऱ्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन या मणिपुरी संघात त्या खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दुहेरी भूमिकेत होत्या. त्यांना २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मान उशिरा का होईना, आला. ज्या लीगची गरज पंचविसाव्या वर्षी होती, ती मात्र कारकीर्द मावळल्यावर आली.

लंडनहून बंगळूरुकडे

बेमबेम देवींसमोर लीगचा अभाव होता. बंगळूरुत खेळणाऱ्या दुसऱ्या एका मिडफिल्डरसमोर वेगळाच अडसर उभा राहिला. दिल्लीत वाढलेल्या तन्वी हंस यांनी इंग्लंडमध्ये जाऊन फुलहॅम आणि टॉटनहॅम हॉट्सपर या क्लबांच्या महिला संघांकडून खेळ केला. त्या काळी हे दोन्ही महिला संघ पूर्णवेळ व्यावसायिक नव्हते. इंग्लंडमधील महिलांची सर्वोच्च लीग पूर्णतः व्यावसायिक झाली ती २०१८ मध्ये. पुढे तन्वी भारतात परतल्या, बंगळूरुत स्थायिक झाल्या आणि कर्नाटकाच्या संघाच्या कर्णधारही झाल्या. परंतु त्यांच्याजवळ ब्रिटिश पारपत्र होते. भारतीय कायद्यात द्विनागरिकत्वाची तरतूद नाही, आणि परदेशी नागरिकाने राष्ट्रीय संघाकडून खेळू नये असे शासनाचे धोरण २००८ पासून आहे. त्यामुळे इंग्लंडमधील अनुभव घेऊन आलेल्या या खेळाडूला राष्ट्रीय संघाचे दार बंद राहिले. नियमामागे राष्ट्रीय प्रतिनिधित्वाचे एक तत्त्व आहे आणि त्याचा आदर राखलाच पाहिजे. तथापि त्याची किंमत खेळाडूच्या उमेदीच्या वर्षांत मोजावी लागते, हेही नाकारता येत नाही.

तन्वी हंस यांनी त्यानंतर जे केले, ते विकासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. २०१७ मध्ये श्वेता सुब्बय्या यांच्यासह त्यांनी या शहरात ‘सिस्टर्स इन स्वेट’ हा उपक्रम सुरू केला. शाळा-महाविद्यालय सुटल्यानंतर ज्यांचा खेळाशी संबंध तुटला, अशा नोकरदार आणि गृहिणी स्त्रियांना मैदानावर आणणे हा त्याचा हेतू. खेळाडूची कारकीर्द केवळ राष्ट्रीय जर्सीवर संपत नाही. प्रशिक्षण, संघटन आणि उद्योग या वाटांनीही ती पुढे जाऊ शकते, हे त्यातून दिसते.

बदलाची दिशा

गेल्या काही वर्षांत परिस्थिती पालटू लागली आहे. बंगळूरुच्या किकस्टार्ट क्लबने २०२२-२३ मध्ये उपविजेतेपद मिळविले. अहमदाबाद येथील अंतिम सामन्यात गोकुलमकडून त्यांना ०-५ असा मोठा पराभव पत्करावा लागला, तरी एका स्थानिक क्लबने तेथवर मजल मारावी ही लहान गोष्ट नव्हती. २०२३-२४ च्या हंगामापासून ही लीग घरच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर आलटूनपालटून खेळविली जाऊ लागली. सात संघांच्या त्या हंगामात प्रत्येक संघाला बारा सामने मिळाले. पुढच्या हंगामात संघ आठ झाले आणि सामने चौदा. इंग्लंडमध्ये त्याच हंगामात प्रत्येक संघ लीगचे बावीस सामने खेळत होता. अंतर अजून आहे, पण ते कमी होत आहे.

२०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आणखी एक निर्णय जाहीर केला. लीगमधील प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार करावा, असे त्याचे स्वरूप होते. महिन्याचा हिशेब केला, तर ही रक्कम सुमारे सव्वीस-सत्तावीस हजार रुपये होते. महानगरात स्वतंत्रपणे राहणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ती मोठी नाही. पण खेड्यातील वा लहान गावातील बापाला “मुलगी फुटबॉल खेळून काय मिळवणार?” या प्रश्नाचे लेखी उत्तर देता येते, हे तिचे खरे मूल्य.

या पायाचे फळ ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे दिसले. यजमान थायलंडचा २-१ असा पराभव करून भारताने २०२६ च्या महिला आशियाई चषक स्पर्धेत स्थान मिळविले. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत प्रवेश करण्याची भारताची ही पहिलीच वेळ. भारताचे दोन्ही गोल मधल्या फळीतील संगीता बासफोर हिने केले. पश्चिम बंगालमधील कल्याणीची ही खेळाडू सशस्त्र सीमा बलात नोकरीस आहे. बेमबेम देवींनंतरच्या पिढीतही गणवेशाची नोकरी हाच आधार राहिला आहे, याची नोंद घेतली पाहिजे.

पुढील कर्तव्य

महाराष्ट्राने यातून बोध घ्यावा असे पुष्कळ आहे. कोल्हापुरातील शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या संघांचे सामने पाहण्यासाठी लोटणारी गर्दी देशात क्वचितच अन्यत्र दिसेल. कोल्हापूर सिटी आणि मुंबईचा केंकरे हे संघ महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळले आहेत. प्रेक्षक आहेत, मैदाने आहेत, मुलीही आहेत. गरज आहे ती या तिन्हींना जोडणाऱ्या व्यवस्थेची. त्यासाठी चार गोष्टी अगत्याच्या वाटतात. जिल्हा आणि राज्य पातळीवर मुलींच्या लीगचे वर्षभराचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे. करारात दुखापतीच्या काळातील वेतन आणि उपचार यांचा स्पष्ट समावेश असावा. कारण गुडघ्याची एक दुखापत सबंध वर्ष हिरावून घेऊ शकते. क्रीडा कोट्यातील नोकऱ्यांत महिला फुटबॉलपटूंना न्याय्य वाटा मिळावा. आणि तिशीनंतर मैदान सोडणाऱ्या खेळाडूला प्रशिक्षक वा पंच होण्याचे शिक्षण खेळत असतानाच घेता यावे.

यांपैकी कोणतीही गोष्ट असाध्य नाही. १९८० मध्ये कालिकतला आशियाचे उपविजेतेपद मिळविणाऱ्या मुलींपाशी कौशल्य होते. त्यांच्यामागे वेळापत्रक, वेतन आणि उद्याची हमी नव्हती. आज बंगळूरुच्या मैदानावर सायंकाळी सरावाला येणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीचे वय बेमबेम देवींच्या पदार्पणाच्या वयाइतकेच आहे. पहिला करार हाती पडण्यासाठी तिला चौतिसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागू नये, एवढी दक्षता घेणे हे महासंघाचे, शासनाचे, क्लबांचे आणि समाजाचे सामायिक कर्तव्य आहे.