तलावाकाठचे शिंपले

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असूनही भंडारा जिल्ह्यात शिंपल्यांची वाण नाही. वैनगंगेच्या पात्रात आणि मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच्या काळात सिंचनासाठी बांधलेल्या तलावांत गोड्या पाण्याचे शिंपले मिळतात, ज्यांच्या आतील झळाळत्या थराला मौक्तिकस्तर म्हणतात. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काठाशी उरलेले रिकामे शिंपले साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून सावलीत वाळवावेत, कारण कडक उन्हात हा थर तडकतो. मग बारीक छिद्र पाडून सुतळीत ओवलेले तोरण, बाजारातल्या प्लॅस्टिकच्या तोरणापेक्षा निश्चितच देखणे, दारावर शोभते. जिवंत शिंपले मात्र काढू नयेत, कारण ते पाणी गाळून स्वच्छ ठेवतात. शिवाय काही सागरी शंख-शिंपल्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने ते विकत घेणेही टाळावे.