तिच्यासाठी चौकट कुठे आहे?

(कर्नाळा येथील युवा शिबिरात केलेले भाषण)



या शिबिरासाठी तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर अर्ज भरलात. 'मुक्कामी राहणार का?' याला ज्यांनी 'हो' म्हटलं, त्यांच्यापुढे घरच्यांच्या फोन नंबरची चौकट उघडली. पनवेलहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना ती दिसलीच नाही. एका उत्तरावरून पुढचा प्रश्न दाखवायचा की लपवायचा, एवढीच ही सोय. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे, कारण तुमच्यातले काहीजण असे अर्ज तयार करतात आणि बरेचजण मोहल्ल्यात बसून लोकांचे अर्ज भरून देतात.

सोय चांगली आहे. अविवाहित मुलीला पतीचं नाव कशाला विचारायचं? पण दाखवण्या-लपवण्याचा नियम कुणीतरी लिहिलेला असतो, आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक घर असतं. विवाहित म्हणजे नवरा सोबत आहे, अविवाहित म्हणजे वडील हयात आहेत. ज्या बाईचं आयुष्य या दोन फाट्यांत बसत नाही, ती तिथेच अडते.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. 2024 साली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली. 21 ते 65 वयाच्या पात्र महिलांना महिन्याला 1500 रुपये. पात्रतेच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा सगळ्याजणी होत्या. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सुरू झाली. तिथे स्वतःच्या आधारनंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी मागितला गेला. ज्यांना दोघेही नाहीत, त्यांनी काय भरायचं? पुढे मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा महिलांनी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असं सांगण्यात आलं. वाट निघाली, पण उशिरा.

आणि आपल्या वस्तीत त्या वाटेवरही खड्डा आहे. जिला तोंडी तलाक देऊन घराबाहेर काढलं, तिच्याकडे कोर्टाचा कागद नसतो. एका दमातला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी रद्द ठरवला, 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला. म्हणजे कायद्याच्या लेखी ती विवाहित, प्रत्यक्षात टाकलेली. योजनेने तिला 'परित्यक्ता' म्हणून ओळखलं, पण तसं दाखवणारा कागद तिने आणायचा कुठून? 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम महिला मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या, त्या याच असुरक्षिततेविरुद्ध. आज तोच प्रश्न मोबाइलच्या पडद्यावर आला आहे.

आता अर्ज बनवणाऱ्यांसाठी. पहिलं, प्रत्येक फाट्यावर 'यांपैकी काहीच लागू नाही' आणि 'हा कागद माझ्याकडे नाही' असे पर्याय ठेवा, आणि ते निवडल्यावर पुढची चौकट उघडू द्या. नुसता पर्याय देऊन तिथेच थांबवू नका.

दुसरं, चौकट डोळ्यांआड केली म्हणजे ती गेली असं नाही. एखादीने आधी 'विवाहित' निवडून नवऱ्याचा नंबर टाकला, मग उत्तर बदललं. चौकट दिसेनाशी होते, पण नंबर अर्जासोबत जातोच. शिवाय लपलेली चौकट 'अनिवार्य' राहिली असेल तर ब्राउझर अर्ज अडवतो आणि कारणही दिसत नाही, कारण सूचना दाखवायला चौकटच समोर नसते. बाई बटण दाबत राहते. उपाय एकच: चौकट लपवताना ती 'डिसेबल्ड' करा. मग तिच्यातली माहिती जात नाही, ब्राउझर ती तपासत नाही, आणि उत्तर पुन्हा बदललं तर भरलेलं तसंच सापडतं.

तिसरं, तोच नियम सर्व्हरवरही लिहा. जावास्क्रिप्ट फक्त पडद्यापुरती असते, तिला वळसा घालता येतो. आणि नवी चौकट तिच्या प्रश्नाच्या लगेच खाली उघडा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ती क्रमाने सापडेल.

जे अर्ज भरून देतात, त्यांना माझी विनंती. अर्ज पुढे सरकावा म्हणून वडिलांच्या जागी मामाचा किंवा भावाचा आधार टाकू नका. उद्या खोटी माहिती दिल्याचा ठपका त्या बाईवर येईल. जिथे अडलं त्या पडद्याचा फोटो घ्या, तारीख लिहा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दहा बायकांचे असे फोटो एकत्र झाले की ती तक्रार राहत नाही, पुरावा होतो.

त्यासोबत लांबचा रस्ताही दाखवा. 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानुसार नवरा चार वर्षं बेपत्ता असेल किंवा दोन वर्षं त्याने पोटगी दिली नसेल, तर बाई स्वतः कोर्टात जाऊन विवाह संपवू शकते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीचा पत्ता तुमच्या टेबलावर लावून ठेवा.

शेवटी एवढंच. अर्ज तयार झाला की आपण तो स्वतःची माहिती भरून तपासतो आणि तो बरोबर चालतो. यापुढे पहिली तपासणी नवऱ्याने टाकलेल्या, वडील वारलेल्या, हातात एकही कागद नसलेल्या बाईच्या उत्तरांनी करा. ती शेवटच्या बटणापर्यंत पोहोचली, तरच अर्ज पूर्ण झाला असं म्हणा.