एका पुऱ्या उत्तराचा मान



शालेय विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय गणितस्पर्धा १९५९ साली रुमानियात सुरू झाली. आपल्या देशातील मुले १९८९ साली प्रथम तीस गेली. प्रत्येक देशाचे जास्तीत जास्त सहा विद्यार्थी परक्या मुलखात दोन दिवस, रोज साडेचार तास, तीन-तीन प्रश्न सोडवितात. प्रत्येक प्रश्नास ७ गुण. पदके सुमारे निम्म्यांसच मिळतात. तथापि ज्यास पदक नाही, परंतु ज्याने एक तरी प्रश्न निर्दोष सोडविला, त्याचाही सन्मानपूर्वक उल्लेख होतो. हा नियम आम्हांस फार न्याय्य वाटतो. म्हणून आईबापांस आम्ही विनवितो : परतलेल्या लेकरास "पदक कोठे?" असे पुसू नका, "कोणता प्रश्न पुरता सुटला?" असे पुसा, आणि तो ऐकावयास त्याच्यापाशी बसा.